विश्लेषण : वेगवान गाडीचे ब्रेक बदलताना सुरुवात कुठून करावी?

2025 मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात मोजक्या संख्येने आल्या. ज्यांना पन्नास लाखांच्या आसपासची गाडी परवडत नाही, त्यांतले काही हौशी सेकंडहँड पोलो जीटी किंवा जुनी ऑक्टाव्हिया घेऊन इंजिन रिमॅप करून घेतात. ताकद वाढली की पुढचा प्रश्न ब्रेकचा. लाल कॅलिपर, भोकांच्या डिस्क, 'रेसिंग' पॅड, बाजारात सगळे मिळते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला यातले काय लागते?

ब्रेकवर किती ताण येतो?

दीड टनाची गाडी ताशी 100 किमी वेगावरून थांबवताना सुमारे 5.8 लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. 140 वरून थांबवली तर जवळपास दुप्पट. आता घाट घ्या. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. ही ऊर्जा 73 लाख ज्यूलच्या घरात, म्हणजे 100 च्या वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये सोडलीत तर बहुतेक भार ब्रेकवर.

पेडल खाली का जाते?

तापलेले ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पॅड मर्यादेबाहेर तापला तर पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. हा दुसरा प्रकार जास्त भीतिदायक, पण त्यावरचा उपाय सर्वांत स्वस्त. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मानकानुसार नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा मात्र 155 अंशच आहे. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180. त्यामुळे किलोमीटर कितीही कमी झाले असोत, साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. डॉट 5 मात्र सिलिकॉनचे असते. 5.1 समजून ते ओतू नका.

पॅड कोणते?

अमेरिकी पद्धतीच्या पॅडच्या कडेला दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण तापमानाला, दुसरे तापल्यावर घर्षण किती ते सांगते. 'एफएफ' म्हणजे दोन्ही वेळा घर्षणांक 0.35 ते 0.45. युरोपीय पॅडवर आर90 मान्यता पाहा. त्यात पर्यायी पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. ट्रॅकचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. जुलैतल्या पहाटे सोसायटीच्या गेटबाहेर कुत्रे आडवे आले, तर ते थंडच असणार. शिवाय आवाज करतात, डिस्कही लवकर खातात.

मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबते का?

एका जोरदार ब्रेकला, बहुधा नाही. सध्याच्या ब्रेकने एबीएस सुरू होत असेल, तर टायरची पकड संपलेली असते. तिथे चांगला टायर कामी येतो. मोठी डिस्क जास्त उष्णता पेलते, म्हणजे फायदा पुन्हा पुन्हा ब्रेक मारताना. पुढे मोठे कॅलिपर लावले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडू शकतो, पेडलही जास्त खोल जाऊ शकते. भोकांच्या डिस्कवर कॉलेजात असताना मीही भाळलो होतो; जास्त तापल्यावर भोकांपासूनच तडे जातात, हे नंतर कळले.

कायद्याचेही बघावे लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती अधोरेखित केली. किट बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारा.

म्हणून क्रम असा: ताजे ऑइल, रस्त्यासाठीचे चांगले पॅड, टायर, आणि तरीही ब्रेक कमी पडले तरच डिस्क-कॅलिपर. नवे पॅड बसवल्यावर गॅरेजमधून थेट घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत दहा-बारा वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये थोडे चालू द्या आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नका.