आपल्याच घरी परवाना घेऊन?

देश खेड्यातल्या माणसाचा आहे, हे सांगण्यासाठी काँग्रेसने १९३६ साली फैजपूरला अधिवेशन भरवले. त्याच काँग्रेसच्या सरकारने जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून घरी परतणाऱ्यांवर परवान्याची सक्ती लादली. दंगलीच्या भयाने गेलेला काय आणि आप्तांच्या भेटीला गेलेला काय, दोघेही संशयित! १९४९ च्या कायद्याने तर विनापरवाना आल्याच्या नुसत्या संशयावरून नागरिकालाही हद्दपार करता येई. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने इब्राहिम वझीर मावत खटल्यात १९५४ साली घटनाबाह्य ठरवले. वृत्ती मात्र मेली नाही. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाण्याकडे पकडलेले पश्चिम बंगालचे मजूर बांगलादेशी म्हणून सीमेपार ढकलले गेले आणि नागरिकत्व पटल्यावर परत आणावे लागले. त्यांची बुडालेली मजुरी कोण भरून देणार?