अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे?

घरात रोजची मारहाण, बाप दारूत, शाळा सुटलेली. असा मुलगा एक दिवस गाडीत बसतो आणि कल्याण नाहीतर दादरच्या फलाटावर उतरतो. तिथे त्याला सोल्युशन हुंगायला शिकवणारे आधी भेटतात. बालकल्याण समिती आणि बालगृह भेटते ते बऱ्याच उशिरा.

बालगृहात तो लगेच सुधारत नाही. पळून जातो, परत आणला जातो, पुन्हा भांडतो. वेळेवर जेवण, स्वतःची खाट आणि रोज तेच ओळखीचे काळजीवाहक मिळत राहिले, तर हळूहळू त्याचा विश्वास बसतो. मग कुणी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतो, कुणी आयटीआयची वाट धरतो. आयुष्य रुळावर येऊ लागते, आणि नेमके तेव्हाच वय अठरा पूर्ण होते.

प्रश्न इथे आहे. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये 'अनुरक्षण' म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे. वय 21 पर्यंत, आणि केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये ठरलेले आहेत. पण अधिनियमाच्या कलम 46 ची भाषा पाहा: आर्थिक मदत 'देता येईल' असे कायदा म्हणतो, 'दिलीच पाहिजे' असे म्हणत नाही. त्यामुळे मुलाचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर लटकतो.

दुसरी अडचण कागदांची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचे घरच तुटले, तो आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणणार? महाराष्ट्राने 2018 साली अनाथांना 1 टक्का आरक्षण दिले, हे चांगलेच झाले. पण ज्याचे आईवडील हयात आहेत तो त्यात बसत नाही. घर असून बेघर झालेला मुलगा दोन्हीकडून सुटतो.

तिसरी अडचण आपल्या मनातली. निरीक्षणगृहातून आलेल्या मुलाला आपण खोली देत नाही, कामावर घेत नाही. कायद्याने मात्र 'नव्याने सुरुवात' हे तत्त्वच मानले आहे: विशेष परिस्थिती वगळता जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात. कायदा जे विसरायला सांगतो, ते आपण का लक्षात ठेवतो?

डोक्यावर छप्पर असल्याशिवाय शिक्षण टिकत नाही, हे आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले ते याच जाणिवेतून.

मग आपण काय करायचे? आपल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागू. गेल्या तीन वर्षांत किती मुलेमुली अठरा पूर्ण करून संस्थेबाहेर पडली? त्यांतल्या किती जणांना अनुरक्षणाची मदत मिळाली? मुलींसाठी राहण्याची सोय कुठे आहे? उत्तर आले की ते लोकप्रतिनिधींसमोर ठेवू. आपल्या अभ्यासिकेत अशा एका तरुणाला जागा देऊ, आधार आणि बँक खात्यासाठी त्याच्यासोबत रांगेत उभे राहू. त्याचा भूतकाळ मात्र विचारायचा नाही.

संस्था त्याला उभे करते. पुढे चालताना सोबत कुणाची, हे समाजाने ठरवायचे आहे.