त्रयस्थ पंच आणि घरचा पंच

कसोटी पंच पिलू रिपोर्टर यांचे ३ सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात निधन झाले. ते ८४ वर्षांचे होते. फलंदाज गेला की त्याच्या शतकांची उजळणी होते, गोलंदाज गेला की बळींची. पंच गेल्यावर उजळणी कशाची करावयाची? चौदा कसोटी सामने, बावीस एकदिवसीय सामने आणि चौकाराची खूण करण्याची प्रेक्षकांच्या लक्षात राहिलेली एक निराळी लकब, एवढाच हिशेब हाती उरतो. रिपोर्टर हे तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळातले नोकरदार. ज्या खात्याच्या खिडकीपुढे आपण बिलासाठी रांग लावीत आलो, त्याच खात्यातला हा गृहस्थ सुट्टी मिळाली की पांढरा कोट चढवून उन्हात उभा राहत असे. परंतु त्यांची आठवण भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावीही काढावी, असे एक कारण आहे आणि ते केवळ क्रिकेटपुरते नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ पाकिस्तानात खेळत होता. फैसलाबादची पहिली कसोटी पाकिस्तानने जिंकली होती. अब्दुल कादिरने सहा बळी घेऊन पाहुण्यांचा दुसरा डाव अवघ्या ५३ धावांत गुंडाळला होता. घरच्या मैदानावरील अशा विजयानंतर पाहुण्यांनी पंचांकडे बोट दाखवावे, ही त्या काळची रीतच होती. पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान या कुजबुजीला विटला होता. त्याच्या आग्रहामुळे लाहोर व कराचीच्या कसोट्यांसाठी व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर या दोघांना पाचारण करण्यात आले. १९१२ साली इंग्लंडमध्ये झालेल्या त्रिकोणी स्पर्धेनंतर कसोटीत दोन्ही पंच त्रयस्थ असण्याचा हा पहिलाच प्रसंग.

हे त्रयस्थ कोठले, तर भारतातले! त्याच हिवाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात आपल्या लष्कराचा 'ब्रासटॅक्स' हा प्रचंड सराव सुरू होता आणि जानेवारी १९८७ पर्यंत दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर येऊन ठेपली. अशा दिवसांत पाकिस्तानी फलंदाजाला बाद ठरविणारे बोट एका भारतीयाचे होते. लाहोरची कसोटी पाकिस्तान तीन दिवसांत, एक डाव आणि दहा धावांनी हरला. दुसऱ्या डावात त्यांच्या सर्वबाद ७७ धावा झाल्या. कराचीची कसोटी अनिर्णित राहिली. यजमान हरले, तरी प्रयोग बदनाम झाला नाही, हेच त्या दोन पंचांचे प्रशस्तिपत्र म्हटले पाहिजे. त्यांच्यामागे दूरचित्रवाणीचा पंच नव्हता. ती सोय डर्बनच्या कसोटीत, नोव्हेंबर १९९२ मध्ये आली. जे दिसले आणि जे ऐकू आले, त्यावर क्षणार्धात निर्णय द्यावयाचा व तो पचवावयाचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्रयस्थ पंच मागितले ते पाहुण्यांनी नव्हे, यजमानांनी. आपल्या विजयावरचा संशय पुसला जावा म्हणून इम्रानने ते मागितले. उलट, वर्षभराने इंग्लंडचा संघ आला तेव्हा पंच पुन्हा घरचेच होते. फैसलाबादला माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा एकमेकांवर बोटे रोखून भांडले व एक अख्खा दिवस वाया गेला. १९८९ मध्ये भारताचा संघ गेला, त्यात सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर होता. त्या मालिकेला हॅम्पशायर व होल्डर हे इंग्रज पंच बोलावण्यात आले. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ असावेत, असा आंतरराष्ट्रीय नियमच झाला.

घरचा पंच म्हणजे लबाड पंच, असे मात्र मानण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध विजयासाठी भारताला ३६१ धावा हव्या होत्या. ८ बाद ३५५ अशी स्थिती होती, दत्तू फडकर खेळत होते आणि घड्याळात वेळ शिल्लक होता. पंच बापू जोशी यांनी बेल्स काढल्या आणि खेळ संपला. पहिल्या कसोटी विजयासाठी भारताला १९५२ सालच्या मद्रासपर्यंत थांबावे लागले. जोशींचा निर्णय चुकीचा होता. पण चूक आपल्याच देशाच्या मुळावर आली, तेव्हा त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप कोण करणार?

आता आपल्याकडे वळू. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो आणि बहुतेक ठिकाणी पायचीतचा नियमच नसतो. तो का नसतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. धावचीत सर्वांना दिसते, त्रिफळा तर आपण होऊनच बोलतो. पायचीत मात्र केवळ पंचाच्या शब्दावर उभा असतो. त्या शब्दावर विश्वास नाही, म्हणून आपण खेळातून नियमच वगळून टाकला आहे!

हाच अविश्वास परीक्षेच्या दालनातही येऊन बसला आहे. २०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांपूर्वी राज्य मंडळाने केंद्रसंचालक व पर्यवेक्षक अन्य शाळांतले नेमण्याचे ठरविले. शिक्षक-मुख्याध्यापकांच्या संघटनांना तो आपल्या सचोटीवरचा ठपका वाटला. अखेर, पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांपुरतीच ही अदलाबदल ठेवण्यात आली. शिक्षकांची वेदना समजण्यासारखी आहे. तथापि, स्वच्छ केंद्राने बाहेरचा पर्यवेक्षक नाकारावा की इम्रानप्रमाणे आपण होऊन मागावा? आपल्या जिल्ह्यातील प्रामाणिक विद्यार्थ्याच्या गुणांकडे पुण्या-मुंबईचे महाविद्यालय संशयाने पाहते, तेव्हा त्याचे नुकसान कोण भरून देतो? माझ्या मते बाहेरचा पर्यवेक्षक हा अपमान नव्हे. मात्र ठपका असलेल्या केंद्रांनाच तो पाठविला, की तो शिक्षा ठरतो आणि मग त्याला कोणीच आनंदाने बोलावणार नाही. मंडळाचे येथे चुकले.

अर्थात, बाहेरचा माणूस हा कायमचा तोडगाही नव्हे. २०२० मध्ये महामारीमुळे प्रवास थांबला आणि क्रिकेटला पुन्हा घरच्या पंचांकडे यावे लागले. त्याबरोबर निर्णयाची फेरतपासणी मागण्याची संधी कसोटीच्या प्रत्येक डावाला दोनऐवजी तीन करण्यात आली. २०२१ च्या प्रारंभी भारतात इंग्लंडविरुद्ध चार कसोटी झाल्या, त्यांत भारतीय पंच होते; इंदूरच्या नितीन मेनन यांच्या निर्णयांची तर प्रतिस्पर्ध्यांच्या देशातही वाखाणणी झाली. घरच्या पंचावर जग विश्वास ठेवू शकले, कारण त्याचा शब्द तपासून पाहण्याची सोय होती आणि तपासल्यावर तो बहुधा खरा ठरत होता.

भोकरदन परिसरात यंदा ज्या मंडळांच्या स्पर्धा भरतील, त्यांपैकी एकाने तरी पायचीतचा नियम ठेवून पाहावा. पहिले वर्ष-दोन वर्षे पंच सिल्लोडहून किंवा जाफराबादहून बोलवावेत, वाटल्यास एखाद्या मुलाने यष्टीमागून मोबाइलवर चित्रण करावे. तिसऱ्या वर्षी त्या जागेवर गावातल्याच एखाद्या शिक्षकाला किंवा वीज कचेरीतल्या एखाद्या लिपिकाला उभे करावे आणि अपील झाले की सगळ्यांनी त्याच्या बोटाकडे पाहावे.