दुरुस्ती न करताही वजावट

अंबडची औद्योगिक वसाहत वाढली, तशी तिच्या आसपास भाड्याच्या खोल्यांचीही वाढ झाली. कारखान्यातील कामगार, शिकाऊ तंत्रज्ञ, नव्याने नोकरीस लागलेला कारकून यांचा संसार अशाच खोल्यांतून सुरू होतो. पावसाळ्यात गच्ची गळू लागली की खर्च कोणी करावयाचा, यावरून घरमालक व भाडेकरू यांच्यात वाद होतात. या वादात प्राप्तिकर कायदा कोणाच्या बाजूने झुकतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कारखान्याची इमारत आणि भाड्याची खोली यांना हा कायदा वेगवेगळी मापे लावतो. कारखानदाराने इमारतीची चालू दुरुस्ती केल्यास तो खर्च नफ्यातून वजा होतो. सुधारणा केल्यास तो भांडवली ठरून त्यावर केवळ घसारा मिळतो. असलेली मालमत्ता टिकविणे ही दुरुस्ती आणि नवी मालमत्ता वा नवा लाभ निर्माण करणे ही सुधारणा, ही कसोटी मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ साली न्यू शोरॉक गिरणीच्या प्रकरणात घालून दिली. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली ती योग्य मानली.

घरभाड्याच्या उत्पन्नास ही कसोटी लागूच होत नाही. वार्षिक भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेच्या ३० टक्के इतकी सरसकट वजावट मालकास मिळते. १९६१ च्या कायद्यात दुरुस्तीपोटी मूळ वजावट एक षष्ठांश होती. २००१ च्या वित्त कायद्याने ३० टक्क्यांची सरसकट वजावट आणली आणि २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही ती कायम ठेवली.

समजा, खोलीचे मासिक भाडे ६,००० रुपये आणि वार्षिक घरपट्टी २,००० रुपये आहे. उरलेल्या ७०,००० रुपयांवर वजावट २१,००० रुपये. मालकाने गच्चीवर ६०,००० रुपये खर्च केले तरी तेवढीच, आणि वर्षभर एक पैसाही खर्च केला नाही तरी तेवढीच! त्याने दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर व्याजाची वजावट वेगळी मिळते. पदरचे पैसे घातले तर काहीच नाही. सुधारणेचा खर्च घर विकतेवेळी भांडवली नफ्यातून वजा होतो; पण तोवर पावत्या जपून ठेवणारे मालक किती?

सरसकट वजावटीमागील हेतू गैर नाही. लहान मालकास सिमेंटच्या गोणीगोणीचा हिशेब ठेवावा लागत नाही व खोट्या पावत्यांनाही आळा बसतो. परंतु जी सवलत दुरुस्तीच्या नावाने जन्मास आली, ती दुरुस्ती टाळणाऱ्याच्याच पथ्यावर पडावी, हे न्याय्य नव्हे. मालकाने दुर्लक्ष केल्यास नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करण्याची व तो खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करण्याची मुभा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ देतो. पण ती भाडेकरूस आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या कामगारास तिचा आधार घेणे कठीण आहे.

म्हणून ३० टक्क्यांपैकी मोठा हिस्सा सरसकट ठेवून उरलेला हिस्सा बँकेमार्फत चुकत्या केलेल्या दुरुस्तीच्या बिलांशी जोडणे उचित ठरेल. त्याहून अधिक खर्च झाल्यास तो पुढील वर्षांत वजा करण्याची सोयही असावी. असा बदल होईपर्यंत भाड्याच्या करारातच दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहून घेणे, हाच राहणाऱ्यांपुढील व्यवहार्य मार्ग होय. दुरुस्तीची सवलत घेणाऱ्याने दुरुस्ती करावी, एवढी अपेक्षा कायद्याने ठेवावयास हरकत नसावी.