कचऱ्याचा डेपो बंद झाला; पुढें काय?

शहराच्या कचऱ्याच्या गाड्या गांवच्या शिवारांत येणें बंद झालें कीं गांवकरी पेढे वाटतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें दुर्गंधि सोसली, माशा सोसल्या, उन्हाळ्यांत पेटलेल्या ढिगांचा धूर सोसला, त्यांना तेवढा आनंद करण्याचा हक्क आहेच. परंतु पेढे वाटून होतांच गांव ती जागा विसरतें. शहरानें तर ती आधींच विसरलेली असते. खऱ्या नुकसानीस येथूनच आरंभ होतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. डेपोच्या फाटकास कुलूप लागलें म्हणजे काम अर्धें झालें. उरलेलें अर्धें काम कोणीं करावयाचें, किती वर्षें करावयाचें, आणि कोणाच्या पैशानें करावयाचें, हे प्रश्न ज्यांच्या विहिरी त्या डेपोच्या उताराला आहेत त्या शेतकऱ्यांनींच विचारले पाहिजेत. दुसरा कोणी ते विचारणार नाहीं.

आपल्या घरचा उकिरडा आणि शहराचा डेपो यांत महदंतर आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. आपण उकिरडा दरसाल उपसतों, खत शेतांत पसरतों, आणि जमीन तें जिरवून टाकते. शहराचा कचरा पुरुषभर नव्हे, तर कित्येक मजले उंच रचला जातो. त्यांत भाजीपाल्याबरोबर प्लास्टिक, रंगांचे डबे, विजेचे सेल, फुटके दिवे असें सर्व कांहीं असतें. आंत हवा पोंचत नाहीं, आणि हवेवांचून जें कुजतें त्यांतून मिथेन वायु निघतो. वरून पडलेलें पावसाचें पाणी त्या थरांतून झिरपतां झिरपतां काळें होऊन तळाशीं येतें. नियमांच्या भाषेंत या पाण्यास लीचेट म्हणतात. नवा कचरा पडणें थांबलें म्हणून हें कुजणें थांबत नाहीं. तें पुढें दशकानुदशकें चालतें. थांबते ती केवळ गाड्यांची ये-जा.

सरकारास ही गोष्ट ठाऊक नाहीं असें नाहीं. शहरांच्या घनकचऱ्यासंबंधीं केंद्र सरकारनें २००० सालीं नियम केले व २०१६ सालीं त्यांच्या जागीं अधिक विस्तृत नियम आणले. या दोन्हींत असें स्पष्ट लिहिलें होतें कीं, भरणी बंद झाल्यावर निदान १५ वर्षें तिची निगा राखली पाहिजे. वरचें झाकण शाबूत ठेवावें, त्याची धूप होऊं देऊं नये, काळें पाणी गोळा करण्याची व्यवस्था चालू ठेवावी, भूजल तपासावें, आणि वायु काढून घेण्याच्या नळ्या चालत्या ठेवाव्या, ही ती निगा होय. नियम पुढें कितीहि वेळां बदलोत, या पांच गोष्टींवांचून बंद डेपो सुरक्षित राहूं शकत नाहीं. कारण त्या निसर्गाच्या व्यवहारांतूनच निघालेल्या आहेत.

यांतील झाकणाची गोष्ट आमच्या वाचकांस कोणाहि इंजिनियराइतकीच समजेल. कचऱ्यावर प्रथम ६० सेंटीमीटर चिकणमातीचा दाबलेला थर, त्यावर १५ सेंटीमीटर पाणी वाहून नेणारा थर, आणि सर्वांवर ४५ सेंटीमीटर माती व तीवर गवत, अशी ही रचना त्या नियमांत सांगितलेली होती. कागदावर ती उत्तम आहे. पण आपल्या देशावरची काळी माती उन्हाळ्यांत कशी भेगाळते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. वरचा थर झिजला, गवत जळलें, आणि खालची चिकणमाती उघडी पडून वाळली, कीं तिलाहि तशाच भेगा पडणार. आणि मृगाचें पहिलें पाणी त्या भेगांतूनच थेट कचऱ्यांत उतरणार. शिवाय आंतला कचरा कुजून बसतो, तसतसें झाकण कोठें कोठें खचतें आणि तेथें पावसाळ्यांत डबकीं सांचतात. घुशी बिळें करतात. ज्यांचीं मुळें खोल जातात अशीं झाडें कोणी हौसेनें लावतो, आणि तीं मुळें मातीच्या थरास भोकें पाडतात. बांध एका पावसाळ्यांत फुटतो, म्हणून आपण दरसाल बांधबंदिस्ती करतों. या झाकणाचीहि दरसाल बांधबंदिस्ती केलीच पाहिजे. एकदां माती टाकून छायाचित्र काढलें म्हणजे झालें, असें मानणारा मनुष्य शेतकरी नसावा.

थोडा हिशेब करूं. २० हेक्टरांचा एक डेपो आहे व तेथें वर्षास ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, असें धरा. एका हेक्टरावर ७० लाख लिटर पाणी पडलें. झाकण नादुरुस्त असल्यामुळें त्यांतील केवळ दहावा हिस्सा आंत मुरला, तरी साऱ्या डेपोंत वर्षास १ कोटि ४० लाख लिटर पाणी उतरलें. यांतील कांहीं कचरा शोषून घेईल. उरलेलें आज ना उद्यां काळें होऊन कोठें तरी बाहेर पडणारच.

तें कोठें पडेल? नव्या पद्धतीच्या भरणीच्या तळाशीं ९० सेंटीमीटर चिकणमाती व तीवर १.५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा घालावा, असें २०१६ च्या नियमांत होतें. परंतु आपल्या बहुतेक जुन्या डेपोंच्या तळाशीं असें कांहींहि नाहीं. खाण, खांचर, पडीक रान, जेथें जागा मिळाली तेथें कचरा ओतला गेला. खालीं आपला काळा दगड. तो वरून अभेद्य दिसतो, पण त्याच्या सांध्यांतून व भेगांतूनच आपल्या विहिरींना झरे मिळतात. ज्या वाटेनें गोडें पाणी येतें, त्याच वाटेनें काळें पाणीहि येतें. पुण्याजवळ उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांनीं हा अनुभव घेतला आहे. तेथील विहिरींचें पाणी बिघडलें, आणि स्वतःच्या विहिरी असलेल्या कुटुंबांना टँकरची वाट पाहावी लागली. ज्या डेपोला तळ नाहीं, त्याला वरचें झाकण हाच काय तो आधार. म्हणून जुना डेपो जितका निकृष्ट, तितकी बंद केल्यानंतरची निगा अधिक काळजीची, असा न्याय असावयास पाहिजे. प्रत्यक्षांत त्याच्या उलट घडतें.

वायूची गोष्ट याहूनहि फसवी आहे, कारण तो दिसत नाहीं. इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत लॉस्को नांवाचें खेडें आहे. तेथें विटांसाठीं माती काढलेल्या जुन्या खाणींत कचरा भरला होता, व १९८२ सालीं ही भरणी बंद झाली. २४ मार्च १९८६ रोजीं हवेचा दाब एकाएकीं उतरला, जमिनींतला वायु खडकाच्या फटींतून जवळच्या एका घराखालीं शिरला, आणि स्फोट होऊन तें घर जमीनदोस्त झालें. आंतील तिघे जखमी झाले. भरणी बंद होऊन चार वर्षें लोटलीं होतीं, हें येथें विसरूं नये. हवेंत शेंकडा ५ ते १५ मिथेन असला म्हणजे एक ठिणगी पुरते. आपल्याकडे विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी चाल आहे. बंद डेपोच्या आसपास ही चाल जीवघेणी ठरेल, म्हणून ती तेथें कटाक्षानें टाळावी, आणि दोर बांधल्यावांचून व यंत्रानें हवा तपासल्यावांचून कोणासहि आंत उतरूं देऊं नये. मिथेनबरोबर निघणारा कर्बाम्ल वायु जड असतो, व तो विहिरीच्या तळाशीं सांचून श्वास कोंडतो. डेपोलगतच्या शेतांत कारण नसतां एखाद्या पट्ट्यांतलें पीक किंवा गवत पिवळें पडूं लागलें, तर केवळ रोग समजून औषध मारूं नये. जमिनींतल्या हवेची जागा वायूनें घेतली म्हणजेहि मुळें गुदमरतात.

आतां पैशाविषयीं. आमच्या मतें सर्व दुखण्याचें मूळ येथें आहे. डेपो चालू असतो तोंवर त्यासाठीं अंदाजपत्रकांत तरतूद होते, ठेके निघतात, माणसें नेमलीं जातात. तो बंद झाला कीं त्यांतून कोणासहि कांहीं मिळावयाचें राहत नाहीं, आणि ज्या कामांत कोणास मिळकत नाहीं तें काम पुढच्या सालावर जातें. अमेरिकेंत १९९१ सालीं केलेल्या नियमांनीं बंद भरणीची निगा ३० वर्षें ठेवावयास लावली, आणि त्या खर्चाची हमी आधींच देण्याची सक्ति केली. युरोपांतील देशांनीं १९९९ सालीं ठरविलें कीं, निदान ३० वर्षांच्या निगेचा खर्च कचरा घेतांना आकारलेल्या दरांतच धरला पाहिजे. आपल्याकडची मुदत याच्या निम्मी. आणि हमीवांचून ही निम्मी मुदतहि कागदावरच राहते. डेपो चालू असतांनाच दर टनामागें कांहीं रक्कम वेगळ्या खात्यांत टाकावी, ती दुसऱ्या कामास वळवितां येऊं नये, आणि तिचा हिशेब दरसाल प्रसिद्ध व्हावा, ही आमची पहिली मागणी आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, नगरपालिका कर्जबाजारी आहेत, त्यांनीं चालू कचरा उचलावा कीं मेलेल्या ढिगाची राखण करावी? प्रश्न खोटा नाहीं. शहरांशीं आमचें वैरहि नाहीं. आमचा माल तेथेंच विकला जातो आणि आमचीं मुलें तेथेंच शिकतात. परंतु निगा राखली नाहीं म्हणून खर्च टळतो, हा भ्रम आहे. खर्च टळत नाहीं. तो केवळ शहराच्या वहींतून शेतकऱ्याच्या वहींत जातो. विहीर गेली, फळबाग वाळली, दुधाचीं जनावरें विकावीं लागलीं, ही रक्कम कोठल्याहि अंदाजपत्रकांत दिसत नाहीं, एवढेंच. शिवाय काम नीट करणें अशक्य आहे असेंहि नाहीं. मुंबईंत गोराई येथें १९७२ पासून चाललेली सुमारे २० हेक्टरांची कचराभूमि २००७ सालीं बंद झाली, आणि तिला आकार देऊन, झाकून, वायु गोळा करण्याची व्यवस्था करण्यांत आली. समुद्रकांठच्या जागीं जें जमलें, तें देशावर कां जमूं नये?

दुसरी मागणी जमिनीच्या दप्तरासंबंधीं आहे. शहर वाढत जातें आणि कालची ओसाड जागा आज मोलाची होते. पुण्यांत कोथरूडला जेथें पूर्वीं शहराचा कचरा पडे, तेथें आज मेट्रोचा डेपो उभा आहे. जागेचा उपयोग होऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. १५ वर्षांच्या देखरेखीनंतर, वायु व झिरपणारें पाणी ठरलेल्या मर्यादेंत असेल आणि जमीन स्थिर असेल तरच वस्तीचा विचार करावा, अशी अट २०१६ च्या नियमांत होती. परंतु पंचवीस वर्षांनीं जमीन घेणाऱ्यास तेथें खालीं काय पुरलें आहे हें कसें कळावें? कर्ज काढलें तर बोजा सातबाऱ्यावर चढतो. विहिरींतला हिस्सा इतर हक्कांत लिहिला जातो. मग जमिनीखालीं गाडलेल्या लक्षावधि टन कचऱ्याची नोंद तेथें कां नसावी? बंद डेपोच्या सातबाऱ्यावर कचरा केव्हांपासून केव्हांपर्यंत पडला, झाकण केव्हां घातलें, आणि निगेची जबाबदारी कोणाची, हें लिहिलेंच पाहिजे. अधिकारी बदलतात, सभासद बदलतात, दप्तर राहतें.

तिसरी गोष्ट मागणी नव्हे, आपलें स्वतःचें कर्तव्य आहे. बंद डेपोच्या सीमेपासून ५० मीटरांच्या आंतील भूजल उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतर असें तीन वेळां तपासावें, असें नियमांत होतें. पण आपली विहीर बहुधा त्याहून दूर असते. म्हणून गांवच्या सोसायटीनें डेपोच्या वरच्या अंगाची एक व उताराच्या दोन-तीन विहिरी ठरवून त्याच तीन ऋतूंत नमुने घ्यावे, व आंकडे एका वहींत ओळीनें लिहीत जावे. क्षार, क्लोराइड व नायट्रेट एवढ्या तपासण्यांनीं आरंभ केला तरी पुरे. क्लोराइड मातींत अडकत नाहीं, तें पाण्याबरोबर पुढें धांवतें, म्हणून संकटाची वर्दी बहुधा तेंच आधीं देतें. पिण्याच्या पाण्यांत क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरास २५० मिलिग्रॅम व नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. वरच्या विहिरींत आंकडा स्थिर आणि खालच्या विहिरींत तो वर्षावर्षाला चढता, असा पुरावा हातीं असला म्हणजे अर्जास वजन येतें. सरकारी तपासणीचे अहवाल २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें मागतां येतात. ते दरसाल मागावे व चावडीवर लावावे.

आणि आपणहि कांहीं पथ्यें पाळावीं. झाकणावर हिरवें गवत दिसतें म्हणून तेथें गुरें सोडूं नयेत. खुरांनीं माती सुटते आणि तें गवत कसल्या जमिनींत वाढलें हें गुरांस कळत नाहीं. झाकणाची माती शेतांत किंवा वीटभट्टीस आणूं नये. जुने ढीग उकरून चाळलेली बारीक माती खत म्हणून स्वस्तांत मिळूं लागली, तर जड धातूंची तपासणी झाल्याचा कागद पाहिल्यावांचून एक खेपहि घेऊं नये. शेतांत एकदां शिरलेलें शिसें आपल्या हयातींत बाहेर निघत नाहीं.

डेपो बंद करविण्यासाठीं गांवें रस्त्यावर बसलीं, खटले लढलीं. त्या चिकाटीचा दहावा हिस्सा जरी नंतरच्या पंधरा वर्षांत टिकला, तरी पुष्कळ विहिरी वांचतील. ज्या गांवांचे डेपो बंद झाले आहेत त्यांनीं या उन्हाळ्यांत, रोहिणीचा पाऊस पडण्यापूर्वीं, एकदां त्या झाकणावरून पायीं हिंडून यावें आणि भेगा मोजाव्या. ज्यास आपल्या बांधाची भेग दिसते, त्यास तीहि दिसेल.