सुवास तिकिटाचा, दुर्गंध कोणाचा?

धानाला दोन वास असतात, हे कुडव्यात किंवा गोंदियाच्या आसपास राहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. चिन्नोरचा भात शिजू लागला की त्याचा सुवास शेजारच्या घरांतही जाणवतो. उसना तांदूळ करण्यासाठी धान हौदात भिजत घालतात. ते पाणी बदलले गेले नाही, आंबू दिले आणि तसेच उघड्या नालीत सोडले, तर त्यातून उठणारा वास वस्तीत मुक्कामालाच येतो. पहिला वास जेथे ताट वाढले जाते तेथे पोचतो. दुसरा जेथे हमाल आणि रेजा राहतात तेथे थांबतो. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. पाणी कोठे सोडायचे, हे माणसेच ठरवितात आणि ते ठरविणाऱ्यांची घरे बहुधा त्या नालीच्या काठी नसतात.

करमणुकीची जी मोठी उद्याने आज देशभर उभी राहत आहेत आणि ज्यांना आता सर्रास थीम पार्क म्हटले जाते, त्यांच्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरेल.

या उद्यानांत वास हा विक्रीच्या मालाचाच एक भाग असतो. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेने १९५५ साली पहिले डिस्नेलँड उघडले. १९७१ साली फ्लोरिडात दुसरे उद्यान उभे राहिले, तेव्हा त्याच्या पोटात बोगद्यांचे जाळे ठेवण्यात आले आणि कचरा हवेच्या दाबाने नळांतून ओढून नेण्याची सोय करण्यात आली. पाहुण्याला कचऱ्याची गाडी दिसू नये आणि तिचा वासही येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याच परिसरात १९८२ साली एपकॉट हे उद्यान उघडले. तेथील एका सफरीत प्राचीन रोम जळत असल्याचा देखावा आहे आणि त्यासोबत जळक्या लाकडाचा वास यंत्राने सोडला जातो. इंग्लंडातील यॉर्क शहरात १९८४ पासून योर्विक हे प्रदर्शन चालू आहे. हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीत फिरल्याचा अनुभव देण्यासाठी तेथे शौचकूपाचा वासही कृत्रिमरीत्या तयार केला जातो, आणि लोक पैसे देऊन तो घेतात! दुर्गंध हजार वर्षांपूर्वीचा असला आणि आपल्या मर्जीने घेता-सोडता येत असला, की त्याचीही करमणूक होते. आजचा, रोजचा, सुटका नसलेला दुर्गंध मात्र कोणी तिकीट काढून घेत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. करमणुकीला नाक मुरडणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. श्रम करणाऱ्याला विश्रांतीचा जसा हक्क आहे, तसा आनंदाचाही आहे. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालते. ताज्या भज्यांचा, जिलबीचा आणि उडालेल्या धुळीचा तो मिसळलेला वास येथल्या माणसाला कोणत्याही अत्तराहून प्रिय आहे. त्या वासाला कुंपण नाही आणि तिकीटही नाही. परंतु मंडईचेही उदात्तीकरण नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदान कोण झाडतो आणि रात्रभर हजारो माणसे जमली असता बायाबापड्यांनी आडोसा कोठे शोधला, हे प्रश्न आपल्या गावालाही विचारावे लागतील. उद्यान आणि मंडई यांत फरक असा की मंडईची घाण गावाला निदान डोळ्यांना दिसते. उद्यान ती दिसूच देत नाही.

उद्यानाच्या सीमेवर घाणीचे काय होते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून गोराईच्या खाडीकडे पाहावे. खाडीपलीकडे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले आणि पुढे १९९८ साली त्याच्या शेजारी पाण्याचे उद्यान झाले. बोरीवलीच्या बाजूने जाणारा प्रवासी गोराईच्या धक्क्यावर येई आणि बोटीने खाडी ओलांडी. त्याच अलीकडच्या काठावर १९७२ पासून मुंबईचा कचरा टाकला जात होता. सुमारे वीस हेक्टरांवर तो डोंगर वाढत गेला. म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे एकाच खाडीच्या एका काठावर आनंदाची जाहिरात होती आणि दुसऱ्या काठावर शहराने टाकून दिलेले सर्व काही. पाहुण्याने काही मिनिटे नाकाला रुमाल लावला की त्याचा प्रश्न मिटे. काठावर राहणाऱ्यांना रुमालाने भागत नव्हते.

रहिवाशांच्या दीर्घ तक्रारींनंतर २००७ साली गोराईचे क्षेपणस्थान बंद झाले. पुढे ते शास्त्रीय पद्धतीने झाकण्यात आले, त्यावर हिरवळ आली. ही गोष्ट स्वागतार्हच होती. पण मुंबईचा कचरा त्यामुळे थांबला नाही. तो देवनार, मुलुंड आणि कांजूरमार्ग येथे जात राहिला. देवनारला तर १९२७ पासून कचरा पडत आला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी गोवंडी-शिवाजीनगरच्या दाट श्रमिक वस्त्या आहेत. जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग लागली तेव्हा दिवसेंदिवस धूर शहरावर पसरला; मग वर्तमानपत्रांना देवनार आठवले. जो वास त्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या होता, तो इतरांच्या खिडक्यांत शिरल्यावरच त्याची बातमी झाली. दुर्गंध नष्ट करणे आणि दुर्गंध दुसरीकडे हलविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली नगरव्यवस्था पहिलीचे नाव घेते आणि बहुतेक वेळा दुसरी करते.

पाण्याच्या उद्यानांत हाच भ्रम निराळ्या रूपाने भेटतो. तलावाजवळ जाताच तिखट वास नाकात शिरतो आणि माणूस म्हणतो, ‘भरपूर क्लोरीन घातले आहे, पाणी स्वच्छ आहे.’ रसायनशास्त्र निराळे सांगते. क्लोरीनची गाठ माणसांच्या घामाशी आणि लघवीशी पडली की क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. तो झोंबणारा वास मुख्यतः त्यांचा असतो, आणि डोळ्यांची आगही तीच करतात. म्हणजे ज्या वासाला आपण स्वच्छतेची खूण मानतो, ती खरे तर पाण्यात साठलेल्या मळाची खूण असते. पाहुणा तेथे एक दिवस येतो. त्या पाण्याची देखभाल करणारा कामगार मात्र हंगामभर त्याच हवेत श्वास घेतो.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. सुवास यंत्र सोडते; दुर्गंध मात्र माणूस उचलतो. हौद घासणे, शौचालये धुणे, मैल्याची टाकी उपसणे ही कामे कोणाकडे जातात, हे या देशात जातीने ठरविले आणि ठेकेदारीने ते कायम ठेवले. कायदे झाले नाहीत असे नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा आला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा आला. संरक्षक साधनांशिवाय गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरविणे हा त्याने गुन्हा ठरविला. मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. तरीही टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतातच. त्या टाकीतला वायू मारतो हे ठाऊक असूनही माणूस आत पाठविला जातो, तो कोणाच्या सोयीसाठी?

कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांचे उदाहरण येथे आठवते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मैलासफाईचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्याला उपोषणानेच साथ दिली. शिक्षा म्हणून दिले जाणारे, जन्माने लादले जाणारे काम एका उच्चवर्णीयाने हक्क म्हणून मागितले! पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. त्यामागील विचार सरळ होता: दुर्गंध जर समाजाचा आहे, तर तो वाटून घेतला पाहिजे, आणि वाटून घेतला की त्यावर उपाय शोधण्याची निकड सर्वांनाच जाणवते.

हे सारे कुडव्यात बसून लिहिण्याचे कारण असे की कुडवा गोंदिया शहराला खेटून आहे. शहरे वाढतात तेव्हा सभागृहे, लॉन, जलतरण तलाव आणि करमणुकीच्या बागा अशाच सीमेवर येतात, कारण तेथे जमीन स्वस्त असते आणि शहराचा कचरा टाकायलाही तीच जागा सोयीची वाटते. उद्या अशी बाग येथे आली तर तिला आंधळा विरोध करू नये. तिच्या चित्रावर भाळूनही जाऊ नये. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारावेत. सांडपाणी कोणत्या नालीत जाणार आणि ती नाली कोणाच्या दारावरून वाहते? कचरा कोठे टाकणार? टाकी यंत्राने उपसणार की माणसाने? आणि सफाई करणारा माणूस कायम नोकरीवर असेल, की ठेकेदाराच्या वहीतले एक नाव?

या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर त्या बागेत आपल्या मुलांनी खुशाल जावे आणि फुलांचा वास मनसोक्त घ्यावा. उत्तरे मिळाली नाहीत, तर फुलांच्या त्या वासाची किंमत आपल्याच नालीकाठची माणसे मोजणार आहेत, हे आधीच समजून असावे.