एकतीस मार्चची साखर

बँकेत ३१ मार्च म्हणजे आमची दिवाळी आणि शिमगा एकाच दिवशी. त्या दिवशीच्या ठेवींचा आकडा वरच्या कार्यालयात जायचा, म्हणून शेवटच्या आठवड्यात शाखाधिकारी ओळखीच्या व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवीत. ‘‘शेटजी, चार दिवस रक्कम आमच्याकडे राहू द्या.’’ शेटजीही भिडेखातर ठेवीत. ३१ तारखेला ठेवी टम्म फुगत आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मूळपदावर येत. याला बँकेत ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. मीही ते केले आहे. आता निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

चोपन्नाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तेव्हा हीच विद्या मी स्वतःच्या रक्तावर चालवली. तपासणी सोमवारी असली की शुक्रवारपासून भात बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळ-संध्याकाळ तासभर चालणे. सोमवारी उपाशीपोटीची साखर ११८. डॉक्टर ‘‘छान’’ म्हणत आणि मी परतताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाऊन वर जिलबी मागवी. एकदा आमच्या सौ.ने विचारले, ‘‘तुम्ही तपासणीला जाता की परीक्षेला? आणि पास होऊन नोकरी कुठे मिळणार आहे?’’ मी हसून वेळ मारून नेली.

माझे हसणे थांबले ते आमच्या हेड कॅशियरमुळे. हा माणूस हिशेबाचा इतका पक्का, की संध्याकाळी रोकडीत पाच रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत व्हाउचरे चाळत बसे. निवृत्तीनंतर रोज बागेत भेटायचो. मधुमेह आम्हा दोघांनाही; त्याचा माझ्याहून जुना. तपासणीआधी तीन दिवसांचे व्रत त्याचेही असे. खिशातला कागद उलगडून तो दाखवी, ‘‘साहेब, एकशे पंचवीस!’’ त्या आकड्याची व्हाउचरे मात्र त्याने कधी तपासली नव्हती.

एका वैशाखात गावच्या देवळात तो भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून आला. फरशी तव्यासारखी तापलेली. बाकीचे उड्या मारत सावली गाठत होते, हा शांतपणे पाच फेऱ्या पूर्ण करून आला. बायकोला वाटले, केवढी श्रद्धा! रात्री पाय धुताना तिलाच तळव्यावरचे फोड दिसले. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायांच्या नसा बधिर झाल्या होत्या. फोडांत पू झाला, जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. इस्पितळात केलेल्या एचबीए१सी चाचणीचा आकडा होता ९.२. म्हणजे मागचे दोन-तीन महिने रक्तात सरासरी दोनशेच्या वर साखर खेळत होती. खिशातला कागद खोटा नव्हता, तो फक्त ३१ मार्चचा होता.

ही एचबीए१सी चाचणी बँकवाल्याला चटकन समजावी अशी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती त्याला जास्त चिकटते, आणि एकदा चिकटली की पेशी संपेपर्यंत सुटत नाही. पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. त्यामुळे हा आकडा त्या दिवसाची शिल्लक सांगत नाही, सरासरी शिल्लक सांगतो. तीन दिवसांच्या कारल्याच्या रसाने तो हलत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ आणि पुढे मधुमेह. औषध घेणाऱ्या बहुतेकांना ७ च्या आत राहायला सांगतात. फार वयस्कर किंवा साखर एकदम उतरण्याचा धोका असलेल्यांना डॉक्टर थोडी सूट देतात.

सरासरीही फसवू शकते, हेही सांगायला हवे. सकाळी ६० आणि जेवणानंतर ३०० अशी झोके घेणारी साखरसुद्धा कागदावर शहाणी दिसते. म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची, अशा दोन्ही नोंदी लागतात. अंगात रक्त कमी असेल तरी आकडा चुकतो, आणि आपल्याकडे किती बायकांचे हिमोग्लोबिन पुरेसे असते? विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो, त्या रुग्णांत तर या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांना आधी सांगावे.

घरच्या यंत्राचीही एक गंमत. मागच्या मे महिन्यात हापूसच्या फोडी करून देता देता मी बोटाला सुई टोचली. आकडा २८६! घरात धावपळ. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, हात धुतलेत का?’’ साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहिले तर १४२. मी रक्त तपासायचे सोडून आंबा तपासला होता.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. आपण मधुमेहाचे नाव साखरेशी इतके घट्ट बांधून टाकले आहे, की बाकीची खाती कुणी उघडूनच पाहत नाही. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर ठेवली तर डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचे नुकसान कमी होते, हे त्यात दिसले. आणि त्याच रुग्णांत रक्तदाब आटोक्यात ठेवल्यावर पक्षाघात आणि मृत्यूही कमी झाले. तरी आपल्या घरांत ‘‘शुगर किती?’’ विचारतात, ‘‘बीपी किती?’’ कुणी विचारत नाही. मूत्रपिंडाचे तर क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरेच काही हातचे गेलेले असते. लघवीतून अल्ब्युमिन झिरपू लागते ते त्याच्या कितीतरी आधी. साधी लघवीची तपासणी, वर्षातून एकदा. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासणे, वर्षातून एकदा, चष्म्याचा नंबर बदललेला नसला तरी. कोलेस्टेरॉलही. आणि पाय! नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहायला दोन मिनिटे लागतात. हेड कॅशियरचे मोजे इतक्या वर्षांत कुणीही काढायला लावले नव्हते. त्यानेही ते आपण होऊन काढले नाहीत, हेही खरेच.

‘‘तुम्ही तर बारीक, तुम्हाला कसा झाला?’’ हे मी दहा वर्षे ऐकतो आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तोच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची चरबी काट्यावर दिसत नाही, ती पोटात लपते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप वापरावी: कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली समोर आलेला अंदाज असा, की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. आज हे पान वाचणाऱ्या घरांतही त्यातले कुणीतरी असणारच. सत्यनारायणाचा शिरा वाढताना ‘‘एवढ्याने काय होतंय’’ म्हणणारेही त्याच घरात असतील.

उपवासाचे तर विचारूच नका. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाऊन साखर चढवणारे एका बाजूला. गोळी घेऊन निर्जळी धरणारे दुसऱ्या बाजूला. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली असेल, तर देवाला क्षमा मागून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे.

मी आता एक जुनी लेजरची वही काढली आहे. साखर, रक्तदाब, कंबर, पाय, सगळ्याला रकाने. हेड कॅशियर काठी टेकत रविवारी येतो, वही तपासतो आणि खाली सही करतो. गेल्या रविवारी त्याने बोट ठेवले, ‘‘साहेब, बुधवार कोरा आहे.’’

बुधवारी शेजारी बारसे होते. मी चष्मा पुसत बसलो. तो पेन उघडून वाट पाहत राहिला.